अफू बंद झाली, पण उरलेल्या पेट्यांचं काय? तुमचे प्रश्न

चीनला जाणाऱ्या हिंदुस्थानी अफूबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतो.

प्रश्न: अफूपायी दोन युद्धं लढलेल्या इंग्रजांनी हा धंदा आपणहून कसा सोडला?

आपणहून नाही हो. मे १९०६ मध्ये पार्लमेंटने ठराव केला की हा व्यापार नैतिकदृष्ट्या समर्थन करण्यासारखा नाही, सप्टेंबरात पेकिंगहून (म्हणजे आजच्या बीजिंगहून) दहा वर्षांत अफू संपवायचं फर्मान निघालं, आणि मग तांग शाओयीसारख्या चिनी मुत्सद्द्यांनी इंग्रजांना त्यांच्याच शब्दात पकडलं. ठरलं असं की १९०८ पासून आपल्याकडून जाणारा माल दरवर्षी ५,१०० पेट्यांनी घटवायचा, पण तीन वर्षांत चीनने स्वतःची अफूची शेती कमी करून दाखवायची. बऱ्याच इंग्रजांना वाटलेलं हे त्यांना झेपणार नाही. झेपलं! अलेक्झांडर होसी हा इंग्रज अधिकारी प्रांताप्रांतातून फिरून आला तर सिचुआनमध्ये त्याला पीक जवळपास दिसलंच नाही, एवढी शेतं मोडली होती. ह्या कामाचं श्रेय चीनला अजूनही कमीच मिळतं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मग ससूनसारखे व्यापारी बुडाले असतील ना?

उलट झालं. माल कमी आला तसा भाव चढला, म्हणून हाँगकाँग आणि शांघायच्या गोदामांत पेट्या साठवून ठेवल्या गेल्या, शिवाय १९११ च्या करारानंतर सरकारी सर्टिफिकेट असलेल्या पेट्यांनाच चीनमध्ये प्रवेश, त्यामुळे त्यांना आणखी किंमत. पण त्याच करारात होतं की ज्या प्रांताने स्वतःची अफू संपवली तिथे आपलीही बंद. एकेक दार लागत गेलं, माल अडकला, बँकांचं कर्ज डोक्यावर, मग १९१३ मध्ये ससून मंडळी आणि इतरांनी मिळून कंबाइन, म्हणजे अफू व्यापाऱ्यांचा संयुक्त गट, उभं केलं आणि पेकिंगमधल्या ब्रिटिश वकिलातीवर दबाव आणत राहिले. तिथला ब्रिटिश राजदूत जॉन जॉर्डन ह्या लोकांना अक्षरशः कंटाळला होता. अर्धशतक नफा खाल्लेल्यांनी शेवटच्या पेटीपर्यंत सरकारने आपल्यासाठी भांडावं म्हणणं, हे मला तरी पटत नाही.

प्रश्न: आपल्याकडे कोणी विरोध केला का? आणि पुण्याचं ससून हॉस्पिटल अफूच्याच पैशाचं?

गोखल्यांनी केला. १९०७ च्या बजेटच्या भाषणात ते म्हणाले की चिनी लोकांच्या अधोगतीतून येणाऱ्या ह्या उत्पन्नाची आपल्याला नेहमी शरम वाटत आलीये. तिजोरीला खड्डा पडणार हे माहीत असून बोलले, हे महत्त्वाचं. माळव्यात होळकर-शिंद्यांच्या मुलखातल्या शेतकऱ्यालाही झळ बसणारच होती. हॉस्पिटलला देणगी डेव्हिड ससूनची, आणि त्याच्या पेढीत कापूस, सूत, अफू सगळंच होतं, त्यातला कुठला रुपया कशाचा हे वेगळं काढता येत नाही.

प्रश्न: शेवटी उरलेल्या पेट्यांचं काय झालं?

१९१५ मध्ये कंबाइनने चिनी सरकारशी सौदा करून तीन प्रांतांत विकायची परवानगी मिळवली, मुदत ३१ मार्च १९१७. मुदत वाढवायला गेले तर इंग्रजांनी साथ दिली नाही. मग उरलेला साठा चिनी सरकारनेच विकत घेतला, म्हणे औषधासाठी, त्यावर चीनभर एवढा संताप उसळला की अध्यक्ष शू शिचांगने तो जाळायचा हुकूम काढला. जानेवारी १९१९ मध्ये शांघायच्या नदीपलीकडे पूडोंगला लोकांसमोर बाराशेहून जास्त पेट्या भट्टीत गेल्या, आणि त्यांचे पैसे व्यापाऱ्यांच्या पदरात आधीच पडले होते.