दोन लाखांच्या घड्याळात जास्तीचं काय?

प्रश्न : जावयाला लग्नात स्विस घड्याळ द्यायचं घरात चाललंय. दुकानात दोन लाख सांगितले. वेळ तर पाच हजारांचं घड्याळही दाखवतं. मग बाकीचे पैसे कशाचे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वेळेचे तर नाहीतच. साध्या क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि महिन्याकाठी जेमतेम पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. महागड्या स्विस घड्याळात बहुधा ऑटोमॅटिक मशीन असतं, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं. ते बहुधा तासाला २८,८०० म्हणजे सेकंदाला आठच ठोके देतं. अचूकतेसाठी मिळणाऱ्या स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रातही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांचा फरक चालतो.

काही पैसे कारागिरीचे. भिंग घेऊन पाहा : काट्यांच्या कडा, तबकडीवरचे आकडे, केसचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं पॉलिश. काच सफायरची, म्हणजे सहसा ओरखडा पडत नाही. पण ही काच आता बऱ्याच स्वस्त घड्याळांतही असते. उरलेला मोठा वाटा नावाचा : जाहिरात, शोरूम, मुद्दाम कमी ठेवलेला माल. अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन वेब्लेन यांनी १८९९ मध्येच मांडलं होतं की काही वस्तू महाग असतात म्हणूनच हव्याशा वाटतात. त्यात गैर काही नाही. मात्र ते नाव समोरच्याला ओळखता आलं पाहिजे. मंडपात ओळखली जातात ती दोन-चार नावं. बाकीच्यांवर दोन लाख घालायचे तर ते जावयाच्या स्वतःच्या आवडीसाठीच घाला. आधी त्यांना विचारा.

सोन्यासारखी मोड येईल ही आशा नको. मोजकी मॉडेल सोडली तर दुकानाबाहेर पडताच किंमत उतरते. शिवाय साधारण पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं; आतलं तेल सुकलं की चाकं झिजतात. घड्याळ एकाएकी पुढे पळू लागलं तर बहुतेक वेळा मोबाइल कव्हरच्या किंवा स्पीकरच्या चुंबकाने बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. घड्याळजी हे चुंबकत्व मिनिटभरात उतरवून देतो. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख बदलू नका, आतल्या चाकांचे दाते तुटू शकतात. ‘३० मीटर’ लिहिलेलं घड्याळ पोहायला चालत नाही, फार तर हात धुवायला.

घेताना वॉरंटी कार्डावरचा आणि केसवरचा नंबर जुळवा, कार्डावर तारीख व दुकानाचा शिक्का घ्या. पट्टा लहान करताना काढलेल्या कड्याही मागून घ्या.