आधी वायसर, मग बोअर

तुझी अडचण कळली. उत्तर युगांडातल्या त्या गावात तीन हापसे बंद पडलेत आणि देणगीदाराला मात्र नवा बोअर हवाय, पाटीसकट, डिसेंबरच्या आत. तू विचारतोस, ‘सर, काय करू?’ अरे, उत्तर तुला ठाऊक आहे. ते त्यांना सांगायची हिंमत होत नाहीये, एवढंच.

आधी वायसर, मग बोअर. ते बंद हापसे उघडून बघ. तिकडे ज्याला यू-टू म्हणतात तो आपलाच इंडिया मार्क टू हातपंप, मूळ सोलापूर पंपाचं. मी सोलापूरचा, म्हणून त्याचा अभिमानही आहे आणि खोडीही माहीत आहेत. आतला कप वायसर झिजला की पाइपांचा सगळा कॉलम वर ओढावा लागतो: जड जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप, नट खोलायचे पाने, हाताशी चार-पाच माणसं. वायसर स्वस्तच, पण जवळच्या बाजारात मिळाला नाही तर हापसा महिनोन्‌महिने उभा. अफ्रीदेव या दुसऱ्या हातपंपाचं काम एका पान्यावर होतं, पाइप न काढता. म्हणून तो बसवू म्हणशील. त्याचे सुटे भाग तुझ्या जिल्ह्यात मिळतात का? नाही? मग तोही नको. वायसर कुठे मिळतो आणि तो कोण बसवणार, आधी हे सांग. सबकाउंटीतला, म्हणजे जिल्ह्याखालच्या तिकडच्या विभागातला मेकॅनिक गाठ, त्याची मजुरी कोण देणार ते गावच्या पाणी समितीतल्या बायकांसमोर ठरव.

२००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या २० देशांचे आकडे एकत्र आले, तेव्हा सुमारे ३६ टक्के हातपंप बंद निघाले. त्या प्रत्येकाचं कधीतरी उद्घाटन झालं असेल, हार-फोटोंसकट.

एका गावाने दुरुस्तीचा निधी जमवला नाही, म्हणून मी तिथला बोअर अडवला होता. बायका-पोरी पिवळे जेरीकॅन घेऊन दलदलीकडेच जात राहिल्या. पोरांना जुलाब झाले. मला निर्दयी म्हणाले, अजूनही म्हणतात. शेजारच्या गावाला दुसऱ्या एका संस्थेने बिनशर्त बोअर दिला, तो पुढचा कोरडा हंगाम येईपर्यंत बंद पडला आणि तिथल्या बायकाही दलदलीवर परतल्या. त्याचा जाब कुणी विचारला? त्या पोरांचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर मी बोअर अडवीनच.

आणि हो, पाणी लालसर येतं, कपड्यांना डाग पडतात, असं बायका सांगत असतील तर मान हलवून पुढे जाऊ नकोस. पीएच मोज. ६.५ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर जीआय पाइप गंजणारच. युगांडात हे दुखणं जुनं आहे. वायसरबरोबर पाइपही बदल, पीव्हीसी किंवा स्टेनलेस स्टीलचे घाल.

देणगीदाराला आजच लिही. पाटी लावायचीच असेल तर लावू दे, पण त्यांच्या नावाखाली मेकॅनिकचा फोन नंबर घालायला सांग. नाही म्हणाले तर मला कळव, मी बोलतो. माझं त्यांच्याशी तसंही वाकडंच आहे.