मीडिया प्लेयरचं फर्मवेअर अपडेट 20 मिनिटं अडकलंय, स्क्रीन काळी आहे. प्लग काढून पुन्हा लावू का?

नका काढू. दिवा लुकलुकतोय तोवर डबा, म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारा तो प्लेयर, आपलं फर्मवेअर (त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) लिहितोय असं धरून चाला. अशा वेळी मी तासभर थांबतो. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी असू दे.

एवढं तावातावाने सांगतोय कारण एक प्लेयर माझ्या डोळ्यांदेखत मेलाय. कोल्हापुरात गुजरीतल्या एका सराफाकडे आम्ही सहा स्क्रीन बसवल्या होत्या, प्रत्येकीला एक प्लेयर, सोन्याचा दर दाखवायला. दोन वर्षं मी पार्टनरला म्हणत होतो, फर्मवेअर जुनं झालंय, एक रविवार काढू. त्याचं ठरलेलं उत्तर: "चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस?"

1 ऑक्टोबर 2021 ला सकाळी शेठजींचा फोन. सहाही स्क्रीनवर कालचाच दर! पार्टनरने आधी ब्रॉडबँडवाल्याला झापलं. तीच लिंक मोबाईलवर मात्र व्यवस्थित उघडत होती. दुपारपर्यंत डोकं खाजवल्यावर कळलं की आमच्या सर्व्हरला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) होतं. अशी सर्टिफिकेटं एकमेकांची हमी देत साखळीत असतात, आणि त्या साखळीतलं जुनं मूळ सर्टिफिकेट आदल्या संध्याकाळी साडेसातला संपलं होतं. सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या जुन्या 1.0.2 व्हर्जनवर चालणारे आमचे डबे नवीन साखळी ओळखायलाच तयार नाहीत. सर्व्हर चालू, नेट चालू, आणि प्लेयर म्हणतोय याच्यावर माझा विश्वास नाही.

म्हणजे अपडेट करावंच लागणार, आणि दसरा दोन आठवड्यांवर. त्यात थेट नवीन व्हर्जनवर उडी मारता येत नव्हती, मधलं एक टाकून मग पुढचं. पाच प्लेयर झाले. सहावा काळ्या स्क्रीनवर असताना काउंटरवरच्या पोराने बिलाच्या प्रिंटरसाठी तोच प्लग उपटला. संपलं. दिवाही लागेना. सर्व्हिस सेंटरवरून तो परत आला तेव्हा दसरा होऊन गेला होता. शेठजींनी त्या जागी पांढरा बोर्ड टांगून मार्करने दर लिहिला, आणि खरं सांगायचं तर लोक तोच वाचत होते.

पार्टनर आजही म्हणतो, "तू अपडेट केलंस म्हणून मेला." अरे, दोन वर्षं करू दिलं नाहीस म्हणून सणाच्या तोंडावर सहा डबे एका दमात करावे लागले! शटर पडल्यावर, यूपीएसवर, आधी एकच प्लेयर करून रात्रभर बघितला असता तर त्या पोराचा हात पोचलाच नसता. "चालतंय ना" हे देखभालीचं धोरण नाही, आळस आहे.

हां, तुमचा दिवा बंद असेल किंवा तासाभरानेही काहीच हललं नाही, आणि अपडेट पेनड्राइव्हवरून करत असाल, तर तो पेनड्राइव्ह बघा. 64 जीबीचे बहुतेक एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये (फाइली साठवायच्या पद्धतीत) येतात आणि काही डबे फॅट32 या जुन्या फॉरमॅटशिवाय वाचतच नाहीत. मग अपडेट सुरूच झालेलं नसेल. आणि हेही आधीच सांगायला हवं होतं: काही प्लेयरमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती असतात, नवीन बिघडली तर तो जुनीवर परत येतो. तुमचा तसला असेल तर माझी वरची आरडाओरड सोडून द्या.

मॉडेल नंबर लिहिला नाहीत. तळाला स्टिकर असतो. भिंतीवर बसवला असेल तर मोबाईल खाली घालून फोटो काढा, डबा हलवू नका.