चूक म्हणण्याआधी मोजून बघ

सिनेमातल्या चुका टिपायला लागला आहेस, तर ‘हे अशक्य आहे’ असं लिहिण्याआधी मोजायची सवय लाव. कड्यावरून पडण्याचंच दृश्य घे. आपला ग्वाल्हेरचा किल्ला शहरापासून साधारण 100 मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून सोडलेला दगड, हवेचा विरोध सोडून दिला तर, साडेचार सेकंदांत खाली येतो, तोही ताशी जवळपास 160 किलोमीटर वेगाने. पडद्यावर मात्र माणूस बारा-पंधरा सेकंद किंचाळत राहतो.

व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे ने. सिनेमाच्या सेकंदाला सहसा 24 फ्रेम, म्हणजे साडेचार सेकंदांच्या 108. पण आधी स्लो मोशन नाही ना, ते बघ. धूळ, केस, ओढणी हवेत रेंगाळत असेल तर ती मोजणी सोडून दे. तेच पडणं दोन-तीन कॅमेऱ्यांतून परत दाखवलेलं असतं आणि नवखे लोक ते सगळं एकत्र मोजतात. हमखास फसण्याची जागा हीच.

आवाजाचं सोपं आहे: किलोमीटरमागे तीन सेकंद. लांब डोंगरावर वीज चमकली आणि त्याच क्षणी गडगडाट झाला, की लिहून टाक.

चंद्राकडे मात्र नीट बघ, माझ्या मते सर्वांत जास्त चुका तिथे सापडतात. गणेश चतुर्थीची कोर रात्री नऊच्या आगेमागे मावळते. मध्यरात्रीच्या दृश्यात डोक्यावर बारीक कोर असेल तर चूक पक्की. कोरीची टोकं सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतात, तेही तपास.