कॅम्पर व्हॅन चोरीला जाऊ नये म्हणून सीसीटीव्ही कॅमेरा पुरेसा होतो का? कोणता घ्यावा?

पुरेसा होत नाही. माझ्याच गाडीवर झालेल्या चोरीचं नऊ मिनिटांचं स्वच्छ चित्रीकरण माझ्या मोबाइलमध्ये आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

तुम्ही खारघरचे, व्हॅन सोसायटीबाहेर रस्त्याकडेला लागते, आत जागा मिळत नाही, असं लिहिलंय. मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला वाघबीळच्या आतल्या बाजूला राहतो. आत जागा का मिळत नाही यावर मला वेगळं उत्तर लिहिता येईल, पण ते याच उत्तरात शिरणार आहे, सांभाळून घ्या.

आमची व्हॅन म्हणजे मारुतीची ईको. मागे प्लायचा पलंग, पलंगाखाली १०० एएचची (ॲम्पिअर-तासांची) बॅटरी, वर कॅरिअरला सोलर पॅनल, मागचं दार उघडलं की शेगडी. हरिहरेश्वर, गुहागर, भंडारदरा, सगळं त्यात झालंय. पण कॅरिअर आणि पॅनलमुळे उंची वाढली आणि गाडी स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवतात त्या लोखंडी खणात, बसेना. वॉचमनच्या केबिनसमोर पाहुण्यांसाठी चार जागा आहेत, त्यातली एक महिन्याच्या भाड्यानं द्या, असा मी कमिटीला रीतसर अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, ‘एक टेम्पो आत घेतला की उद्या सगळे टेम्पो आणतील.’ टेम्पो! हिनं त्या गाडीचे पडदे स्वतः शिवलेत. वर म्हणाले, ‘बाहेर लावा हो बिनधास्त, आपले सोळा कॅमेरे आहेत, कोण हात लावतंय!’

मी तरीही स्वतःचा एक कॅमेरा घेतला. सिमकार्डवर चालणारा, छोटं सोलर पॅनल असलेला. आधी तो आतून, पुढच्या काचेमागे लावला. दिवसा चित्र झकास, रात्री नुसता पांढरा गोळा. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे काचेवर आपटून परत त्याच्याच डोळ्यात येतात. मग तो बाहेर, कॅरिअरच्या पायाला, गाडीच्या कडेनं खाली बघेल असा बांधला. तिथे रात्री किडे यायला लागले आणि किड्यांमागे कोळी. एका कोळ्यानं लेन्ससमोरच जाळं विणलं. ते वाऱ्यानं हललं की मोबाइलला सूचना. वरची गुलमोहराची फांदी हलली की सूचना. आमच्या गाडीखाली दोन कुत्री झोपतात, त्यांनी कूस बदलली की सूचना. एका रात्रीत साठ-सत्तर. चौथ्या दिवशी हिनं सांगितलं, एक तर तो कॅमेरा या घरात राहील नाही तर मी. मी सूचनांचा आवाज बंद केला. कॅमेरा वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण हे कधी ना कधी करतो, फक्त कबूल करत नाही.

मे महिन्यातली रात्र, ३ वाजून १२ मिनिटं. स्कूटरवरून दोघं आले. एक हेल्मेट न काढता स्कूटरवरच बसून राहिला. दुसऱ्यानं बगलेतली फ्लेक्सची गुंडाळी सोडून गाडीखाली अंथरली. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स होता, त्यावर हात जोडलेले कोणी भाऊ. त्या भाऊंच्या छातीवर हा उताणा झोपला आणि सरपटत आत गेला. पुढची सात-आठ मिनिटं फक्त त्याचे पाय दिसतात. पाना फिरवताना डाव्या पायाचा अंगठा ताठ होतो, नट सुटला की सैल पडतो. आमच्या दोन कुत्र्यांपैकी एक उठून आलं, त्याचे तळवे हुंगले, शेपूट हलवली आणि शेजारी पसरलं. मग त्यानं सायलेन्सर बाहेर ओढला, त्याच फ्लेक्समध्ये गुंडाळला आणि दोघं गेले. मोबाइलवर चार सूचना आल्या होत्या. मोबाइल उशाशी होता. मी झोपलो होतो.

सकाळी चावी फिरवली तर गाडी अशी डरकाळली की अख्खी सोसायटी गॅलरीत. मेकॅनिक आला, नुसता वाकला आणि म्हणाला, ‘साहेब, माती गेली.’

ज्यांच्याकडे ईको आहे त्यांना हा शब्द माहीत असेल. नसेल तर सांगतो. सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. आतून मधाच्या पोळ्यासारखा, आणि त्या भोकांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. चोर तो फोडून भुगा करतात, त्या भुग्याला धंद्यात माती म्हणतात. ईकोचा हा भाग नटबोल्टवर बसवलेला, खालून हात पोचतो, म्हणून याच गाडीवर डोळा. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या कितीदा तरी पकडल्या गेल्यात. म्हणजे तुम्ही ‘व्हॅन चोरीला जाऊ नये’ म्हणताय, पण बहुतेक वेळा व्हॅन जागेवरच राहते. जातात ते सायलेन्सर, बॅटरी, पॅनल, स्टेपनी.

तक्रार द्यायला गेलो. हवालदारांनी चित्रीकरण दोनदा बघितलं. पायांचा उपयोग नाही, चेहरा टोपीखाली, स्कूटरची नंबरप्लेट पांढरीफटक. नव्या पाट्यांचा पत्रा प्रकाश परत फेकतो, त्यात इन्फ्रारेडचा झोत पडला की आकडे पुसून जातात. चार हजारांचा असो की चाळीस, रात्री जवळून उजेड मारणारा कॅमेरा असाच आंधळा होतो. हवालदार म्हणाले, स्कूटर तुमच्या गेटसमोरूनच वळली असणार, तिथे रस्त्याचा दिवा आहे, सोसायटीचं फुटेज आणा.

अगदी बरोबर होतं त्यांचं. पण डीव्हीआरचा, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड फक्त सेक्रेटरींना माहीत आणि सेक्रेटरी मुलीच्या परीक्षा संपल्या म्हणून गावी गेलेले. फोनवर म्हणाले, ‘पासवर्ड असा कुणालाही देता येत नाही, सिक्युरिटीचा प्रश्न आहे.’ नवव्या दिवशी आले. डीव्हीआर उघडला तर त्यात मागच्या सात दिवसांचंच चित्रीकरण शिल्लक, त्याआधीचं पुसून त्यावरच नवीन चढलेलं. डिस्क भरली की तो हेच करतो, त्यात त्याची चूक नाही. वर घड्याळ चाळीस मिनिटं मागे. सोळा कॅमेऱ्यांपैकी क्रमांक ९ तुळशीच्या कुंडीकडे बघत होता, बहुधा माळ्यानं धक्का दिल्यापासून.

मी विचारलं, समजा फुटेज असतं तर तुम्ही सर्टिफिकेटवर सही केली असती का? कारण फुटेज कोर्टात पुरावा म्हणून चालायला यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचं प्रमाणपत्र लागतं. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात सगळा वाद उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर आला का, यावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाचा होता, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. आता चाळीस मिनिटं मागे असलेलं घड्याळ घेऊन कोर्टात जा! सेक्रेटरी म्हणाले, ‘कोर्टबिर्टात मला ओढू नका.’ आणि संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर: रस्त्यावर लावलेल्या वाहनांची जबाबदारी सोसायटीची नाही.

आता खरं दुखणं सांगतो. त्या जागी, माझ्या गाडीपासून वीस पावलांवर, दोन वर्षं भुर्जीवाल्या मामांची गाडी लागायची. रात्री एकपर्यंत धंदा, मग सगळं आवरून मामा तिथेच फळीवर झोपायचे, कारण पहाटे पाचला अंड्यांचा टेम्पो यायचा. झोप इतकी सावध की मी रात्री गाडीतून पाण्याची बाटली काढायला गेलो तरी फळीवरून आवाज यायचा, ‘कोण ते?’ या दोन वर्षांत माझ्या गाडीचा वायपरसुद्धा गेला नाही. मार्चमध्ये कमिटीनं महापालिकेकडे अर्जामागून अर्ज करून ती गाडी उठवली. कारण काय दिलं? परिसराची सुरक्षितता. मी एकट्यानं मिटिंगमध्ये विरोध केला, तर ‘तुम्हाला फुकट भुर्जी मिळते वाटतं’ असं ऐकून घेतलं. मार्चमध्ये मामा गेले, मेमध्ये सायलेन्सर गेला. सेक्रेटरी म्हणतात, योगायोग.

हा प्रकार तुम्हाला खारघरला कसा लागू पडतो? रात्री खिडकीतून बघा, गाडीजवळ कुणी माणूस असतं का. पानवाला, रिक्षा स्टँड, एटीएमचा रखवालदार, कुणीही. गाडी त्याच्यासमोर लावा, चालायला पाच मिनिटं जास्त लागली तरी. आणि त्याच्याशी ओळख ठेवा.

पैसे कुठे घालायचे, हेही माझ्या मते सांगतो. ईको असेल तर आधी सायलेन्सरला लोखंडी जाळी ठोकून घ्या. गॅरेजवाले बसवून देतात, नऊ मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला की चोर पुढच्या गाडीकडे जातो. मग फ्युएल पंपाच्या वायरला लपवलेला स्विच, तो बंद असला की पेट्रोलवर गाडी फार पुढे जात नाही. चाकाला जॅमर, पिवळा, लांबून दिसणारा. पॅनलला साधे नट नकोत, चोरांकडे दहाचा-बाराचा पाना असतोच. स्वतःची बॅटरी असलेला जीपीएस ट्रॅकर, आणि तो डॅशबोर्डखाली नको, पहिला हात तिथेच जातो.

याच्यानंतर कॅमेरा. घेताना एक हिशेब करा, विकणारा तो करून दाखवत नाही. ५ वॅटचा कॅमेरा दिवसभर चालू ठेवला तर १२० वॅट-तास लागतात, १२ व्होल्टवर १० ॲम्पिअर-तास. १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीची निम्मीच ताकद वापरायची असते, म्हणजे पाच दिवसांत खेळ खलास. गाडीच्या मूळ बॅटरीवर जोडला तर तिसऱ्या दिवशी ढकलस्टार्ट. म्हणून शरीराच्या उष्णतेवर जागा होणारा, एरवी झोपणारा कॅमेरा बरा. फांदी आणि जाळं त्याला सहसा फसवत नाहीत. कुत्री फसवतात. सोलरवर भरवसा ऑक्टोबर ते मे, आपल्याकडच्या जुलैत आठवडाभर ऊन दिसत नाही. डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेमागे बसवायचा छोटा कॅमेरा, लावणार असाल तर आत लिथियम सेलऐवजी कपॅसिटर असलेला घ्या, बंद गाडीतल्या मेच्या उन्हात सेल फुगतात. आणि दिसणारा एक खोका वर लावाच, खोटा असला तरी. नवशिके चोर त्याला घाबरतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जाळी ठोकताना वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीची तार काढा, आणि सीएनजी किट असेल तर वेल्डिंग नकोच, क्लँपवर बसवा. वायर कापून स्विच लावला तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो. महापालिकेच्या दिव्याच्या खांबाला कॅमेरा बांधू नका आणि तो समोरच्यांच्या खिडकीत बघणार नाही हे तपासा. पॅनल, बॅटरी हे बाहेरून बसवलेलं सामान पॉलिसीत लिहून प्रीमियम भरला नसेल तर त्याचे पैसे मागायला जाऊ नका. माझं सायलेन्सरचं बिल ५० हजारांच्या पुढे गेलं. क्लेम मंजूर झाला, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेला. पूर्ण गाडी गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि सहसा पोलिसांचा ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही हा अहवाल, आल्याशिवाय हलत नाही. दुसरी चावी कुठे आहे ते आजच बघून ठेवा. आणि मामांची गाडी अनधिकृत होती, रात्री दारुडेही यायचे, हे मला मान्य आहे. मिटिंगमध्ये मी तेव्हा मान्य केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आमची एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, आहे. विषय क्रमांक ४: जादा आठ कॅमेरे बसवणे. मी लेखी विचारलंय की आधी क्रमांक ९ तुळशीवरून कधी हलवणार. उत्तर आलेलं नाही. विषय क्रमांक ७ माझा, पाहुण्यांची एक जागा भाड्यानं. सातव्या विषयापर्यंत कोरम टिकत नाही, जेवणाची वेळ होते. या वेळी हिनं सांगितलंय की ती पोहे करून घेऊन येईल.