ऑइलचे सहाशे, पॉलिसीचे साठ हजार

एका वाचकाचं पत्र थोडं आटोपशीर करून देतो:

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय ३८, राहायला अंबाजोगाईत. शाळेला जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर होतात. गेल्या वर्षी २०२१ची सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालते. गॅरेजवाला म्हणतो, साधं ऑइल दर पाच हजारांला बदला, फिल्टर-मजुरी धरून २,००० रुपये. सिंथेटिक टाकलं तर दहा हजारांला एकदा, ३,६०० रुपये, आणि ॲव्हरेज तीन किलोमीटरनं वाढेल. जादा पैसे घालावेत का? सध्या जरा ओढाताण आहे. गाडीसाठी बँकेचे चार लाख साडेअकरा टक्क्यांनी घेतलेत, हप्ता ८,८००. पॉलिसी केल्याशिवाय फाईल पुढं जात नाही असं बँकेतले साहेब म्हणाले, म्हणून तीही केली. वर्षाला ६०,००० असे बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट. यंदाचा दुसरा हप्ता भरायला शिक्षक पतसंस्थेतून ६०,००० उचलले, १२ टक्क्यांनी. दुसरा विमा नाही. घरात आई, पत्नी, दोन लेकरं. पॉलिसीचा फोटो जोडला आहे."

गुरुजी, ऑइलचं आधी उरकू. साधं ऑइल वर्षात तीनदा, म्हणजे ६,०००. सिंथेटिक सरासरी दीड वेळा, म्हणजे ५,४००. सिंथेटिकच सहाशेनं स्वस्त. ॲव्हरेज तीन किलोमीटरनं वाढेल ही मात्र थाप आहे. योग्य ग्रेडच्या ऑइलनं एक-दोन टक्के फरक पडला तर पडला; वीसच्या ॲव्हरेजला तो अर्ध्या किलोमीटरच्याही आत राहतो.

खरं तर साधं की सिंथेटिक हे तुम्ही किंवा गॅरेजवाल्यानं ठरवायचंच नाही. ते डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या पुस्तकात छापलेलं असतं. २०२१ची पेट्रोल गाडी म्हणजे बहुतेक ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ही ग्रेड (ऑइल किती पातळ-जाड ते सांगणारा आकडा) असेल. ०डब्ल्यू-२० इतकं पातळ ऑइल नुसत्या खनिज तेलातून नीट बनत नाही, ते सिंथेटिकच मिळतं. पुस्तकात ते लिहिलं असेल तर प्रश्न तिथंच संपला. आपल्याकडचे मेकॅनिक "परळीचं ऊन बघा, जाड ऑइलच पाहिजे" म्हणून २०डब्ल्यू-५० ओततात. बाहेर ४३ अंश असो की २३, गरम झालेल्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट नव्वदच्या आसपासच ठेवतो. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो, त्यात ऊन आधीच धरलेलं आहे. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर धुरळा असतो, तेव्हा एअर फिल्टर मध्येच एकदा काढून बघा. आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नका, भोक पाडून टाका. त्यात काय भरून पुन्हा विकतील सांगता येत नाही.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते.

तुम्ही १२ टक्क्यांनी कर्ज काढून पॉलिसीचा हप्ता भरलाय. ती पॉलिसी किती देणार? बारा वर्षांत भरणार ७,२०,०००, विसाव्या वर्षी हातात १४,४०,०००. 'दुप्पट' ऐकलं की माणूस पुढचं विचारत नाही. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा नऊ वर्षं, सरासरी साडेचौदा. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात त्यांनी बहात्तरला भागलं की व्याजाचा दर साधारण कळतो. बहात्तरला साडेचौदानं भागा, पाच येतात. म्हणजे वर्षाला पाच टक्के. पाच कमवायला बारा टक्क्यांनी उचल! तुमच्या वर्गातलं पोरगंसुद्धा हे गणित चूक म्हणेल.

आणि हे पाचही पक्के नाहीत. फोटो मोठा करून बघितला. तक्त्यात दोन रकाने आहेत, वर ४ टक्के आणि ८ टक्के लिहिलंय, म्हणजे खर्च कापण्याआधी कंपनीच्या गुंतवणुकीवर तेवढे सुटतील असं धरून. तुमच्या साहेबांनी निळ्या पेनानं गोल केलाय तो आठच्या रकान्यातल्या आकड्याला. शेजारच्या रकान्यात साडेनऊ लाख आहेत. दोन्ही आकडे फक्त अंदाज म्हणून छापायचे असतात, हमी कुठल्याच रकान्याची नाही.

त्याहून वाईट म्हणजे, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना मिळणार सहा लाख. गाडीचं कर्ज आणि पतसंस्था फेडली की आई, पत्नी आणि दोन लेकरांसाठी जेमतेम दोन-अडीच उरतील. वर्षाला साठ हजार विम्याच्या नावानं जातात आणि घराला विमा म्हणावा असं काही नाही. तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा नुसता विमा) साधारण पंधरा ते वीस हजारांत बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. साठ वर्षांपर्यंतचा घ्या, 'पैसे परत' वाला प्रकार घेऊ नका. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता जादा बसला तरी बसू द्या. लपवलेली पुडी पुढं बायकोला भोवते.

टर्म मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. त्यानंतर मोडा. हो, नुकसान सोसून. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्याचे, काही पैसे कंपनीला द्यावे लागतात, आणि तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा. समजा १,२०,०००चे निम्मेच आले. त्या साठ हजारांत पतसंस्थेचं कर्ज मिटवा. पॉलिसीचे उरलेले दहा हप्ते, वर्षाला तेच साठ हजार, पोस्टात पीपीएफ या सरकारी बचत खात्यात टाकले आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला, तर त्याच विसाव्या वर्षी साधारण साडेपंधरा लाख होतात. बुडालेले साठ हजार गेले ते गेलेच, तरी पॉलिसीच्या गोल केलेल्या आकड्यापेक्षा लाखभर जास्त. (पीपीएफ पंधरा वर्षांचं असतं, पुढं पाच वर्षांनी वाढवता येतं.) ओढाताण असेपर्यंत पीपीएफलाही घाई नको, ते पैसे आधी गाडीच्या कर्जात भरा. साडेअकरा टक्के वाचवणारी दुसरी बचत मला तरी माहीत नाही. मुदतीआधी भरल्याचा दंड किती, तेवढा करारात बघून घ्या.

'तीन हप्ते भरा, मग बघू' असं कोणी म्हणेल. तिसऱ्या हप्त्याला पुन्हा पतसंस्थेत जाणार का?

राहिले तुमचे साहेब. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करायला बँकेला परवानगीच नाही. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येत होती. ती मुदत त्यांनी सांगितली नाही आणि तुम्ही वाचली नाही. आता बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन जाता येतं. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल, मराठवाड्यासाठी ते पुण्यात बसतात. पूर्ण पैसे परत येतील या आशेवर राहू नका, कारण 'स्वेच्छेने घेत आहे' या ओळीखाली सही तुमचीच आहे. पण तक्रार करा. लातुरात माझ्यासमोर दर महिन्याला अशीच एखादी फाईल येते आणि शंभरातले नव्व्याण्णव जण "जाऊ द्या, साहेब ओळखीचे आहेत" म्हणून उठून जातात.

कंपनीचं सरेंडरचं उत्तर आलं की आकडा कळवा. आणि पॉलिसीचा फोटो तुम्ही गाडीच्या बॉनेटवर ठेवून काढलाय, कोपऱ्यात ऑइलचा डबा दिसतो, त्यावर २०डब्ल्यू-५० लिहिलंय. सील फोडलं नसेल तर आजच परत करा.