यादी बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

नव्या जॅझ अल्बमांची तुझी लांबलचक यादी पाहिली. महिन्याभरात सगळं ऐकून संपवायचं म्हणतोस. तसं करू नकोस. आठवडाभर एकच अल्बम घे आणि तोच पुन्हा पुन्हा ऐक. ऐकण्याआधी त्यात कोण वाजवतंय आणि तो कुठे ध्वनिमुद्रित झाला, हे वाच.

सुरुवात शबाका हचिंग्जच्या २०२४ मधल्या ‘पर्सिव्ह इट्स ब्यूटी, अ‍ॅक्नॉलेज इट्स ग्रेस’पासून कर. लंडनच्या नव्या जॅझमधला हा दणकट सॅक्सोफोनवादक. ‘सन्स ऑफ केमेट’मध्ये ट्यूबा आणि दोन ड्रमवादकांच्या साथीने तो ऐकणाऱ्याला नाचायला लावायचा. त्याने २०२३ च्या अखेरीस सॅक्सोफोन बाजूला ठेवला आणि बासऱ्या हाती घेतल्या. जपानी शाकुहाची त्यातलीच एक. हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत. अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ईश्वराला वाहिलेला अल्बम ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी तिथेच वाजवला गेला. म्हणून नव्यानंतर लगेच तो ऐक. जिमी गॅरिसनच्या बासवर चार सुरांची एक ओळ येते. कोल्ट्रेन तीच ओळ पुढे बाराही स्वरांवरून फिरवतो. तू तबला शिकतोस, तेव्हा एकदा फक्त एल्विन जोन्सच्या ड्रमकडे लक्ष दे. चारच्या चालीवर तो तीनची वाटणी अशी अंथरतो की लयकारीचा धडाच मिळतो. मला विचारशील तर या संगीतातली भक्ती आधी त्या लयीत आहे.

हे मुद्दाम सांगतोय. संथ हार्प (बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य), मागे घंटा, की झालं आध्यात्मिक जॅझ, असा माल हल्ली पुष्कळ निघतो. त्याने फसू नकोस. हार्प ऐकायची तर ब्रँडी यंगरची ऐक. २०२५ चा ‘गॅडअबाउट सीझन’ तिने जॉनची पत्नी आणि हार्पवादक अ‍ॅलिस कोल्ट्रेन हिच्या दुरुस्त केलेल्या हार्पवर वाजवलाय. मग अ‍ॅलिसचाच १९७१ चा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ लाव. त्यात तानपुरा आहे, पण आपला तानपुरा सापडला म्हणून खूश होऊन थांबू नकोस. सेसिल मॅकबीचा बास आणि फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन त्या षड्जाभोवती काय करतात ते ऐक. अ‍ॅलिसने पुढे कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि ऑर्गनवर भजनं गायली. तिच्या भजनात डेट्रॉइटच्या चर्चमधलं गाणंही ऐकू येतं.

जॅझची मुळं आफ्रिकेपर्यंत जातात, तो धागा आफ्रिकेतूनच धर. न्दुदुझो मखाथिनी हा दक्षिण आफ्रिकेचा पियानोवादक सांगोमा, म्हणजे झुलू परंपरेतला उपचारक आहे. २०२४ च्या ‘उनोमखुबुलवाने’त त्याने पाऊस आणि सुपीकतेच्या झुलू देवीला आळवलंय. शबाकाने २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या वादकांबरोबर ‘विज्डम ऑफ एल्डर्स’ केला, त्यातही मखाथिनी आहे. नावं वाचायला सांगतो ती याचसाठी. एक माणूस दुसऱ्याकडे घेऊन जातो, यादी नेत नाही.

आता तुझ्यासाठी खास. सारथी कोरवार पुण्यात तबला शिकला, मग लंडनला गेला. त्याच्या २०१६ च्या ‘डे टू डे’मध्ये गुजरातेतल्या रतनपूरच्या सिद्दी गायक-वादकांचं ध्वनिमुद्रण आहे. सिद्दी म्हटलं की आपल्याला फक्त जंजिरा आठवतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि त्यांचे ढोल इथे अजून वाजतात, हे कितीजणांना ठाऊक असतं? त्या ढोलांशेजारी शबाकाचा सॅक्सोफोनही आहे. कोरवार कुठे तबला वाजवतो आणि कुठे ड्रमसेटवर जातो, ते कान देऊन ओळख.

पहिल्या आठवड्यात शबाका आणि कोल्ट्रेन, एवढंच. एल्विनचा तुकडा हातावर मोजता आला की फोन कर, मग पुढचं बोलू.

तुझा,
काका